दापोऱ्याची केळी आणि पुण्याचं औषध

आमच्या ह्यांचं लिव्हर खराब झालं तेव्हा आमच्या अख्ख्या बुधवारा मोहल्ल्याला कारण आधीच माहीत होतं: मास्तर लपून पितात. मावा जिलेबीपलीकडे ज्या माणसाने कशाची नशा केली नाही, त्याच्याबद्दल शेजाऱ्यांची ही खात्री. साखरेने आणि चरबीनेही लिव्हर जातं, हे सांगून मी थकले. दारूची गोष्ट जास्त रंगते.

डॉक्टरांनी गोड, चिकट सिरप दिलं. आतड्यातले जंतू विष तयार करतात, आजारी लिव्हरला ते आवरत नाही आणि डोक्यात चढतं. म्हणून पोट दिवसातून दोन-तीनदा साफ व्हायलाच हवं, असं त्यांनी बजावलं.

मग दापोऱ्याहून नणंदबाई आल्या, केळ्यांचा घड घेऊन. भावाच्या संडासाच्या फेऱ्या पाहून त्यांचा जीव कळवळला.

"वहिनी, रोज असं पोट चाललं तं दादाच्या अंगात काय राहीन? ते सिरप बंद कर. केळी खाऊ दे, पोट बांधून जाईन."

मी नाही म्हटलं. मग माझ्या नकळत, मी शाळेत शिकवायला गेले की सिरप मोरीत आणि केळी ताटात, असा उपचार सुरू झाला. आमच्याकडे केळ्याने बरा न होणारा रोग अजून कोणी मान्य केलेला नाही. पोट छान बांधलं गेलं.

एका दुपारी मी घरी आले तर हे ओट्यावर बसलेले. माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

इतक्या वर्षांच्या संसारात एवढ्या आदराने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी तशीच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात केळ्यांचं बिंग फुटलं, आणि काही दिवसांनी ते भानावर आले. पुण्याहून भाची धावत आली, नणंदबाईंचीच मुलगी. ती प्रयोगशाळेत ह्याच आजारावर काम करते. औषध इतक्या सूक्ष्म कणांत भरायचं की ते थेट आतड्यातल्या त्या खोडकर जंतूंनाच गाठेल, बाकीच्यांना धक्का नाही. म्हणजे मुलगी जंतू हेरून मारायला निघालेली, आणि आई त्यांचा पाहुणचार करत होती.

"बाजारात कधी येईल?" ह्यांनी विचारलं.

"मामा, अभी तो चूहों पर चालू आहे. बरीच वर्षं लागतील."

"म्हणजे आधी उंदीर बरे होणार."

"तोवर सिरपच घ्या. आणि आई, तू केळी आणू नको."

नणंदबाई रडायला लागल्या. "मले काय माहीत? पोट चाललं की आपण केळंच देतो ना." त्यांच्यावर रागावून राहायचा मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही.

आता सिरप माझ्या ताब्यात आहे. रोज सकाळी माप पुढे करून मी विचारते, "मी कोण?" हे म्हणतात, "हेडमास्तरीण," आणि तोंड वाकडं करून पितात.

काल उत्तराला जरा वेळ लागला. मी माप धरून उभी. मग हसून म्हणाले, "गंमत केली."

मला हसू आलं नाही. संध्याकाळी भाचीला फोन लावला आणि तिचे उंदीर कसे आहेत ते विचारलं.