बाळंतिणीच्या खोलीला खिडकी

मित्रहो, घरची गोष्ट वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे, कारण ती आज सकाळीच घडली आणि मला गप्प बसवत नाही.

आमचं नवं चिरेबंदी घर बांधून होत आलं आहे. मंगळुरी कौलं आली, ओटीला सिमेंटची जमीन ठरली. फक्त बाळंतिणीची खोली जुन्या घरातल्यासारखीच अंधारी ठेवायची ठरली होती. थोरली बहीण लवकरच बाळंतपणाला येणार आहे, म्हणून मी गवंडी रामजींना सांगून त्या भिंतीत खिडकीची जागा सोडून घेतली.

आज ती आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पाहिली. "बुजवा ती, रामजी. बाळंतिणीला वारा लागेल. आम्ही काय उजेडात जन्मलो होतो?"

मी बाज आणून तिथे टाकली आणि रामजींना तिच्यावर आडवं व्हायला लावलं. खिडकीची खालची कड त्यांच्या अंगापासून दोन हात वर होती.

रामजी पडल्या पडल्या म्हणाले, "आप्पा, वारा वरनं जातो. मला झोप मात्र लागंल."

तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "तिन्ही बाळंतपणांत सकाळ झालेली मला कोंबड्यावरून कळायची. पोरांचं तोंड बारशाला बाहेर आणल्यावर नीट पाहिलं."

आप्पा विहिरीकडे निघून गेले.

होकार अजून मिळालेला नाही. उद्या काम सुरू होईल तेव्हा मी त्या खिडकीपाशी उभा असेन, आणि ती बुजवू देणार नाही.

तुम्ही आज घरी जाऊन आईला एवढंच विचाराल का, की माझं तोंड तू पहिल्यांदा नीट कधी पाहिलंस?