‘शकेल’ हा शब्द

माझ्या थोरल्या बहिणीने शस्त्रक्रिया चार महिने पुढे का ढकलली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. नातेवाईक म्हणतात, द्राक्षांमुळे. ते अर्धे उत्तर झाले.

मी नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. जनुकद्रव्याचा जो भाग प्रथिने बनवत नाही तो निरुपयोगी, असे नव्वदच्या दशकात मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले. पुढे वर्तमानपत्रात वाचले, की त्याच भागातून मायक्रो-आरएनए नावाचे इवले रेणूही तयार होतात आणि कर्करोगावरील उपचारांसाठी त्यांच्यावर प्रयोग चालू आहेत. कात्रण मी जपून ठेवले.

त्याच सुमारास बहीण निफाडच्या आपल्या द्राक्षबागेतून तपासणीला आली. छातीत कर्करोगाची गाठ होती. डॉक्टरांनी याच महिन्यात शस्त्रक्रिया करा, असे बजावले. घरी आल्यावर मी तिला कात्रण वाचून दाखवले.

“मास्तर, सोपं करून सांग.”

मी सांगितले, “अक्का, जनुक म्हणजे मुख्याध्यापक. त्यांची सूचनावही वर्गावर्गांत फिरते. चुकीची सूचना वाटेत अडवणारा पर्यवेक्षक म्हणजे हा रेणू.”

“म्हंजी सुपरवायझर झोपला, म्हणून गाठ माजली?”

“अगदी बरोबर!”

“मग त्याला उठवायचं औषध हाय का?”

“येईल.”

“मग बागंतला माल निघू दे. तवर आलं तर बरंच. कापाकापी काय पळून जाती का?”

तेव्हाच तिला अडवायला हवे होते. पण ती इतके नेमके समजली, याचाच मला आनंद झाला होता. मनातल्या मनात मी तिला पूर्ण गुण देऊन टाकले.

द्राक्षे उतरवून ती परत आली तेव्हा रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. रुग्णालयात मी खाटेजवळ गेलो की ती विचारी, “मास्तर, आला का तुझा सुपरवायझर? का अजून रजेवरच हाय?” आणि हसे. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते.

ती गेल्यावर कात्रण पुन्हा काढले. ‘गाठ रोखता येऊ शकेल’ असे छापले होते. ‘गाठ रोखता येऊ’ एवढ्याच शब्दांखाली माझी लाल रेघ होती. शेवटच्या ओळीत प्रयोग उंदरांवर झाल्याचे लिहिले होते. ती ओळ मी वाचलीच नव्हती. असे शब्द गाळले म्हणून मी मुलांचा अर्धा-अर्धा गुण कापत आलो.

अशा बातम्या अजूनही येतात. कोणी वाचून दाखवली तर कागद हातात घ्या, क्रियापद पाहा, प्रयोग कोणावर झाला ते पाहा. पर्यवेक्षकाचे माझे उदाहरणही तसेच मान्य करू नका. कृपया स्वतः तपासून घ्या.