इंद्रभानचं नाक

आसेगावात इंद्रभानच्या नाकाला मान होता. घरचा एक एकर मळा, त्यात मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. शेलूबाजारातले व्यापारी त्याला डोळे मिटायला लावून हातात जुडी द्यायचे. तो हुंगून सांगायचा, विहिरीच्या पाण्याची की नाल्याच्या. मी त्याच्या शेजारच्या मळ्याचा, रिटायर झालेला मास्तर. माझी मेथी त्यानं तीनदा चारचौघांत नाल्याची ठरवली. ती होतीच नाल्याची, म्हणून तर मला जास्त राग यायचा.

कोरोनात त्याचं नाक गेलं. वर्षभरानं परत आलं, पण वाकडं होऊन. एका सकाळी त्यानं हिरवागार सांबाराचा अख्खा वाफा उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकला. त्याला त्यातून जळक्या टायरचा वास येत होता. त्याची बायको मनकर्णाबाई धावत आली, एक काडी उचलून चावली.

"चांगला तं हाये. काहून फेकला?"

"माह्या नाकाले इचार."

डॉक्टर म्हणाले, या दुखण्यानंतर काही जणांचं असं होतं, येईल जागेवर. दोन वर्षं झाली, आलं नाही. मग इंद्रभान माझं डोकं खायला लागला.

"गुरुजी, वास सांबारात राह्यते का नाकात?"

"सांबारात."

"मंग तुमाले एक अन् मले दुसरा कसा येते?"

"तुह्यं नाक बिघडलं म्हणून."

"बिघडलं हे कोनं ठरवलं? तुमी जास्त लोकं हाये म्हून? अन् आंधी चाळीस वर्सं जो येत होता, तो तरी खरा होता कायवरून?"

मी मास्तरी आवाजात डाफरलो. "जास्त डोकं चालवू नको, निंदण कर," म्हणून मी त्याला हाकललं. त्या रात्री मात्र मी वरणाचा घास बराच वेळ तोंडात धरून बसलो.

भोगलं ते मनकर्णाबाईनं. हा रोज ताट सारायचा. "काय घातलं यात? जळकं लागते." ती बिचारी भांडायची नाही. तिनं तेल बदललं, तिखट बदललं, भांडी राखेनं दोन-दोनदा घासली. गावातल्या प्रत्येक लग्नात भाजीला फोडणी तिच्या हातची असायची. तिनं तिथंही जाणं सोडलं. आमच्या हिला म्हणाली, "माह्या हातालेच काही झालं वं बाई. आता मलेबी जळकंच लागते."

माघात ती गेली. बसल्या जागी, छातीत कळ येऊन. तेरवीच्या दिवशी आमच्या हिनं तिचं ते बोलणं इंद्रभानला जसंच्या तसं ऐकवलं. ऐकवायला नको होतं. तो ताटावरून न जेवता उठला.

गेल्या आठवड्यात तो दुपारचा माझ्याकडे आला. काखेत तिचं हिरवं लुगडं होतं.

"याच्या पदरात तिनं सारी जिंदगी सांबार तोडून आनला. मले याचाबी जळका वास येऊन राह्यला. तुमी घ्या वास, गुरुजी. खरं सांगा."

मी लुगडं नाकाशी धरलं. पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास सोडला तर त्याला कशाचाच वास नव्हता. इंद्रभान माझ्या तोंडाकडे बघत होता. या माणसाचं एकेकाळी डोळे मिटूनही चुकत नव्हतं.

"सांबाराचा येते," मी म्हणालो. "ताज्या."

"शप्पत?"

"शप्पत."

"मंग तुमचंच खरं धरतो. माह्या नाकावर आता माहा भरोसा नाही."

त्यानं लुगड्याची नीट घडी घातली, काखेत धरली आणि निघाला. फाटकाशी जाऊन थांबला.

"म्हंजे तिचा हात चांगलाच होता?"

"चांगलाच होता रे," मी म्हणालो. त्या दुपारी मी एवढं एकच खरं बोललो, आणि ते ऐकायला ती नव्हती.