चीफ राजाध्यक्षांचा शेवटचा सीझन

नवा माणूस समोर आला की चीफ राजाध्यक्ष त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत, गुडघ्यांकडे बघत. माझे न्याहाळून झाल्यावर म्हणाले, "बेअरिंग गेलंय. वय काय?"

"चौतीस."

"गुडघ्यांना कळवलंयस का?"

चीफ म्हणजे जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनीअर. सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. तरुणपणी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या एका बंदरात महिनोन्महिने अडकून पडलं, आणि तिथल्या एका चिमुकल्या कॉलेजच्या मैदानावर त्यांना अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं. ते वेड आता ते सिंगापुरातल्या आमच्या चिमुकल्या कॉलेजवर फुकटात लादत होते. मी तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक. पोट कमी करायला संघात शिरलो आणि शिरताना सांगून ठेवलं, की आपण सांगलीला कबड्डी खेळलोय. राखीव खेळाडू होतो, एवढंच सांगायचं राहिलं.

आमच्या प्रकारात धडकाधडकी नव्हती. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची. वाटेत कुणी कमरेची फीत उपटली की डाव तिथेच थांबला. नियम सोपे होते, चीफ अवघड होते. "इंजिनरूममध्ये लाड चालत नाहीत" असं म्हणत ते प्रत्येकाचा उद्धार करत. मराठी फक्त मला कळे, म्हणून जास्तीचा प्रसाद मला. "अरे, अँकर टाकून पळतोस का?" हा त्यातला त्यात गोड. आम्हीही काही संत नव्हतो. कॅप्टन वेई मिंग त्यांच्या चालण्याची नक्कल करायचा, आणि ती आणखी हुबेहूब कशी होईल हे मी त्याला शिकवायचो.

सीझनभर आम्ही हरत गेलो. शेवटच्या सामन्याआधी क्रीडा कार्यालयाने कळवलं, की हाही जिंकला नाहीत तर संघ बंद आणि मैदान फ्रिस्बीवाल्यांना. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहून चीफ फोनवर बोलत होते. पलीकडे त्यांची नागपूरची मुलगी असावी.

"येतो म्हटलं ना. संघ बंद पडला की येतो... नाही, इतक्यात नाही पडत."

फोन खिशात टाकला आणि मी ऐकतोय हे पाहून माझ्यावर खेकसले, "कान कशाला लांब करतोस, पाय लांब कर."

सामना बरोबरीत होता. शेवटचा डाव उरला होता. वेई मिंगने फेकलेला चेंडू कसा कोण जाणे माझ्या हातात बसला. पुढे एकच गडी, त्याच्यामागे रेघ. तो अंगावर आला, मी हुलकावणी दिली आणि जाता जाता माझा हात त्याच्या खांद्याला लागला. झालं. गडी टिपला म्हणून मी गर्रकन वळलो आणि दम न सोडता, तोंडाने "कबड्डी कबड्डी" करत, उलट्या दिशेने जिवाच्या आकांताने सुटलो. मैदानाची मधली रेघ ओलांडली, थांबलो आणि गुण मागायला हात वर केला.

पाठोपाठ तोच गडी रमतगमत आला आणि त्याने माझी फीत काढून माझ्याच हातात दिली. शिट्टी झाली. बरोबरी.

वेई मिंगला रागवायचंही सुचेना. "ब्रो," तो म्हणाला, "व्हाय यू गो होम?"

चीफ मात्र पार्किंगपर्यंत माझ्या मागे आले. माझ्या गावापासून माझ्या पीएचडीच्या गाइडपर्यंत त्यांनी कुणालाच सोडलं नाही.

संघ बंद झाला, आणि महिन्याभरात त्यांनी सिंगापूर सोडायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी निर्लज्जासारखा बेल वाजवली. त्यांनी जाळीचं दार काही उघडलं नाही. आतून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा वास येत होता.

"काय आहे?"

"चीफ, नागपूरचा पत्ता द्या. सुट्टीत आलो की भेटायला येईन."

"नको."

"का?"

"अर्ध्या वाटेवरून परत फिरशील."

त्यांनी आतलं लाकडी दारही लावून घेतलं. मला हसू येईल असं वाटलं होतं. लिफ्ट दोनदा येऊन गेली तरी मी त्या दारासमोर उभा होतो.