खिडकीखालची भोकं

आधीच सांगते, माझं लिहिणं चुकणार आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढे पेन धरायची वेळ फारशी आलीच नाही. तेवढं सांभाळून घ्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडले की मी दुसरंच काहीतरी मागते. तोंडाने सांगायचं धाडस नाही, म्हणून लिहिते.

मी इथे कॅनडात, सरेमध्ये मुलाकडे, महेशकडे राहते. त्याला उन्हाळ्यात तळ्याकाठी जाऊन राहायची हौस. म्हणून त्याने जुना ट्रेलर घेतला — गाडीमागे ओढून न्यायचं छोटं घर, आत पलंग, ओटा, सगळं. घेतला देवरेभाऊंकडून. ते आमच्या मराठी मंडळातले, आमच्याच धुळ्याकडचे. भाऊंचे गुडघे गेले म्हणून त्यांनी तो विकायला काढला. त्यांची बायको सुमनताई म्हणजे इथली माझी एकुलती एक मैत्रीण. मला चार माणसांत बोलता येत नाही. ती मला शेजारी ओढून बसवायची आणि म्हणायची, "तू नुसती बस गं. तुझ्या वाटचं मी बोलते."

आता खिडक्यांचं सांगते. सांगायचं तेच आहे, आणि तिथेच हात अडतो.

ऑक्टोबर लागला आणि इथला तो न संपणारा पाऊस सुरू झाला. ट्रेलर घरासमोरच्या ड्राइव्हवेत उभा. एक दिवस आत गेले तर पलंगाची गादी ओली. खिडकीखालची भिंत दाबली तर बोट आत जातंय. महेशने खिडकीभोवती सिलिकॉन मारलं. गळती तशीच. मग स्क्रू काढून त्याने अख्खी खिडकी बाहेर काढली, जुना चिकट थर खरवडला, नवी टेप लावून ती परत बसवली. गळती तशीच. छपरावर चढून सांधे भरले. वरून निळी ताडपत्री घातली की पाणी थांबायचं, काढली की पुन्हा सुरू. त्याचे सगळे शनिवार-रविवार त्यातच जायचे. हातातली पकड आपटायचा, माझ्यावर चिडायचा — "आई, तू आत चहा करत बसतेस, त्याची वाफ धरते काचेला." मी तिथे चहा करणं बंद केलं. तरी गादी ओलीच. माझीही चिडचिड व्हायची. कुणावर चिडायचे मी? त्या पाण्यावर, त्या खिडकीवर, मला कुणी विचारत नाही त्यावर.

तेव्हा मला माहीत होतं का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. पक्कं माहीत नव्हतं. पण एक विचार यायचा, आणि मी तो माशीसारखा हाकलायची.

शेवटी महेशने एक व्हिडिओ पाहिला. एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं — आधी खाली, मग हळूहळू वर — आणि दुसऱ्याने आत टॉर्च धरून बघायचं. आत मी.

"आई, कुठून येतंय?"

"खिडकीच्या खालच्या पन्हळीतून. ती भरतेय. भरून इकडे सांडतंय."

"भरतेय? मग पाणी बाहेर का जात नाही?"

त्याने पाइप टाकला. चौकटीच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं. मग स्क्रूड्रायव्हरने टोकरलं, आणि काळा कडक तुकडा त्याच्या तळव्यावर पडला. मी काचेतून बघत होते.

"इथे पाणी जायला भोकं असतात. देवरेकाकांनी सगळी बुजवलीत. वर काळं पॉलिश लावून लपवलंय बघ. काय चलाख माणूस आहे."

बुजवली मी होती. आदल्या उन्हाळ्यात तळ्याकाठी, महेश आणि सून फिरायला गेले असताना. त्या भोकांतून मुंग्यांची रांग थेट साखरेच्या डब्यापर्यंत यायची, रात्री गार वारं यायचं. गावाकडे पत्र्याला, टाकीला भोक दिसलं की आम्ही लांबी, म्हणजे पुटी, भरतो. दोन गोळे मळून एक करायची ती लांबी मी बॅगेत घालून इथे आणलेली होती. मळली, भरली, ओल्या बोटाने गुळगुळीत केली. करडी लांबी काळ्या चौकटीवर वाईट दिसत होती, म्हणून महेशच्या बुटांचं पॉलिश वर चोळलं. लपवायचं म्हणून नव्हे. पण त्याच पॉलिशमुळे ते लपवल्यासारखं दिसलं, आणि लपवणारे ठरले भाऊ.

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. "अरे, ते मी केलं." एवढंच. महेश ओरडला असता, दोन दिवस बोलला नसता. त्यापलीकडे काय झालं असतं? मी टॉर्च बंद केला आणि गादीवरची चादर ओढून घेतली.

महेशने फोन केला आणि भाऊ स्वतः आले, काठी टेकत. कसेबसे वाकून त्यांनी खिडकी बघितली.

"अरे, मी कशाला बुजवीन? दर वर्षी काडी घालून साफ करायचो मी ती."

"मग काय आपोआप बुजली, काका? पॉलिशपण आपोआप लागलं?"

भाऊ सरळ झाले. मी दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. मी असला माणूस आहे का?"

मी म्हणाले, "पाणी घ्या."

त्यांनी ग्लास घेतला. प्यायले नाहीत, पायरीवर ठेवून गेले.

भिंतीतलं लाकूड कुजलं होतं. दुरुस्तीच्या निम्म्या खर्चाचा, तीन हजार डॉलरचा चेक भाऊंनी पाठवून दिला. सोबत एक शब्द नाही. गुढीपाडव्याला मंडळाच्या हॉलमध्ये महेश सगळ्यांना सांगत होता, "ओळखीतून काही घेऊ नका. घेतलंत तर आधी खिडक्या तपासा." लोक हसले. भाऊ ताटातलं श्रीखंड तसंच ठेवून उठले. सुमनताई त्यांच्या मागे गेली. जाताना माझ्या खुर्चीजवळून गेली, पण थांबली नाही. मी बसून राहिले — नुसती. त्या दिवशी माझ्या वाटचं बोलायला कुणी नव्हतं. आणि बोलायचं होतं तेवढं एकच वाक्य तर मलाच येत होतं.

त्यानंतर मी एका पंजाबी बाईंच्या टिफिनच्या किचनमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागले. महेशला वाटलं, आईचा वेळ जातो. बाई रोख पैसे द्यायच्या. थोडे साठले की मी ते पाकिटात घालून देवऱ्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकायचे. नाव लिहीत नव्हते. दोन हिवाळे असे गेले. भाऊ मंडळात पुन्हा आले नाहीत. महेश अजूनही कुणी नवीन भेटलं की ट्रेलरची गोष्ट सांगतो, आणि मी आत जाऊन भांडी घासते.

परवा शेवटचं पाकीट घेऊन गेले. फटीत घालतच होते आणि दार उघडलं. सुमनताई. केस बरेच पांढरे झालेत तिचे. तिने पाकीट बघितलं, मग मला बघितलं.

"म्हणजे महेश तुझ्या हाती पाठवत होता होय?" ती म्हणाली. "आम्हाला वाटलंच होतं त्याचे असतील. हे म्हणतात, पोरगं चिडकं आहे, पण मनाने चांगलं आहे. विचारायचं नाही त्याला, अवघडेल." मग पाकीट हातात घेऊन म्हणाली, "त्याला सांग, आमच्या मनात काही नाही."

मी म्हणाले, "सांगते."

तिने आत बोलावलं. मी गेले नाही, बस चुकेल म्हणाले. पाकीट तिच्या हातात राहिलं. त्यात शेवटचे एकशे चाळीस डॉलर होते. भाऊंचे तीन हजार पूर्ण फिटले.