करंजाखालची जागा

अंबत्तूरमध्ये आमच्या इमारतीसमोर करंजाचं झाड आहे. त्याच्या सावलीत एक बाई इस्त्रीची गाडी लावत असत. कारखान्यांचे गणवेश आणि आयटीवाल्यांचे शर्ट, दोन्ही त्यांच्याकडे येत. सगळे त्यांना अक्का म्हणत आणि त्या सगळ्यांना 'सार', म्हणजे सर. गाडीची चाकं गंजून बसली होती, पण त्या ती काढू देत नसत. चाकं असली की ती गाडी. काढली की अतिक्रमण.

महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या पेपरात या वॉर्डाची बातमी माझ्याकडे होती. पद्धत ठरलेली: मतदाराला काय हवं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं. अक्कांनी गटार हवं, दिवा हवा, विजेची जोडणी हवी असं सांगितलं. नगरसेवकाने यातलं काहीच केलं नव्हतं. त्याच्याविरुद्धचा उमेदवार फेरीवाल्यांना बाजारात पक्के गाळे देणार होता, विजेसकट. इतरांची उत्तरंही अशीच होती. वॉर्डाला बदल हवा आहे, असं मी लिहिलं.

जुनाच नगरसेवक निवडून आला.

शर्ट आणायला गेलो तेव्हा अक्कांना विचारलं, तर त्यांनीही त्यालाच मत दिलं होतं.

"पण गटार?"

"नाही केलं. पण माझी गाडीही नाही हलवली त्याने."

"गाळा मिळत होता ना?"

"चिठ्ठ्या टाकून, सार. शेवटचा गाळा आला असता तर? इथे मी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांनी इस्त्रीतले निखारे हलवले. "तुम्ही काय हवं ते विचारलंत. आमचं काय जाईल ते कुठे विचारलंत? म्हणे पेपरवाले!"

काही महिन्यांनी गटाराचं काम सुरू झालं. चर करंजाखालूनच गेला. मजुरांनी गाडी ओढून समोर उन्हात ठेवली. काम संपलं तेव्हा अक्कांच्या जागेवर लोखंडी झाकण होतं आणि तिथे काहीही उभं न करण्याची पाटी.

अक्कांनी आमच्या फाटकाच्या आत जागा मागितली. रविवारी सकाळी रहिवाशांची सभा झाली. नको, असं कोणीच म्हणालं नाही. गाडी मावेल असा सावलीचा कोपरा एकच होता आणि तिथे माझी स्कूटर असे. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती जागा मला फ्लॅटबरोबर मिळाली आहे," मी म्हणालो. इतिवृत्तात ते वाक्य तसंच आहे. विषय पुढच्या रविवारवर गेला.

तो आठवडाभर मी ऑफिसला जाताना त्यांच्यासमोरून गेलो. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन त्या उन्हात इस्त्री करत होत्या. कोपरा कोणाचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रोजच्यासारखं "काय सार, आज उशीर?" एवढंच विचारत.

पुढच्या सभेत मी लेखी संमती दिली. स्कूटर आता रस्त्यावर असते आणि दुपारी तिची सीट तापते. गाडी कोपऱ्यात आणताना चौघांना ढकलावी लागली. चाकं फिरतच नव्हती.

"आता तरी काढून टाका ती," मी म्हणालो.

"राहू देत, सार." अक्का गाडीवर इस्त्रीची चादर पसरत होत्या. "तुम्ही जागा परत मागितलीत तर?"