मामेसासरे आणि दमकलचं सामान

माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ती आता पेटणारच आहे अशा नजरेनं पाहतात. बुऱ्हाणपुरात दमकलवर, म्हणजे आगीच्या बंबावर, त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्याला पंधरा वर्षं होऊन गेली तरी लग्नाच्या मांडवात ते नवरा-नवरीच्या आधी बाहेर पडायचा रस्ता पाहतात. आमच्या लग्नात होमाशेजारी ते वाळूची बादली घेऊन बसले होते. भटजी रागावले. मामा म्हणाले, "महाराज, तुम्ही मंत्र म्हणा, आपली ड्यूटी वेगळी." अल्बममधल्या सप्तपदीच्या फोटोत आजही आम्हा दोघांच्या मधोमध ती लाल बादली आहे.

हे मामा मला 'जवाईबापू' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण भाचीचा नवरा म्हणजे साक्षात विष्णू, असा त्यांचा हिशेब. मी खुर्चीत बसल्याशिवाय ते बसत नाहीत आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे मला त्यांच्यासमोर सारखं बसावं लागतं.

दमकलचं जुनं सामान बहादरपुरातल्या एका केळीवाल्या पाटलांच्या बंद पडलेल्या गोदामात वर्षानुवर्षं पडून होतं. ते एका संग्रहालयानं मागितलं, आणि वस्तूंची नोंद करून त्या साफसूफ करायला मामांनी आम्हा नवराबायकोला जुंपलं. पितळी टोप, कॅनव्हासच्या नळ्या, कातडी बादल्या, हातानं मारायचा एक पंप. मामा सांगणार, माझी बायको लता वहीत लिहिणार, मी घासणार. त्यांचा एकच कडक नियम होता : मामांनी वास घेतल्याशिवाय कशालाही फडकं लावायचं नाही. प्रत्येक वस्तू नाकाशी धरून ते डोळे मिटत. मला हसू येई. वहीत 'अवस्था' असा रकाना होता. एका फाटक्या नळीपुढे त्यांनी लिहायला सांगितलं, "थकलेली आहे, पण मनानं चांगली." लतानं तसंच लिहिलं. संग्रहालयातून फोन आला, की हे काय? मामा म्हणाले, "साहेब, चाळीस साल पाणी वाहिलंय तिनं. खराब कसं लिहू?"

एके दिवशी दुपारी केळीच्या कॅरेटांमागे मला एक लाल नळकांडं सापडलं. शंकूच्या आकाराचं, वर काळवंडलेली पितळी खुंटी. मामा दूर टोकाला नळी मोजत होते. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे बोलवायचं? चिंच लावून घासलं तरी खुंटी हलेना, म्हणून बारकी हातोडी उचलली.

"ए गधड्या! हात काढ तिथून!"

मला वाटलं पाटील कुणा गड्यावर ओरडले. वळून पाहतो तर मामा, चौऱ्याहत्तरीचे मामा, नळ्या ओलांडत धावत येत होते. त्यांनी माझं मनगट पकडून हातोडी काढून घेतली. मग नळकांड्याला जरासं, अगदी जरासं उचलून वजन पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "भरलेलं आहे. सगळे बाहेर."

ते आग विझवायचं जुनं नळकांडं होतं. त्या खुंटीवर ठोका बसला की आतली तेजाबाची बाटली फुटते, तेजाब सोड्याच्या पाण्यात मिसळतं आणि वायूच्या जोरानं फवारा उडतो. ही आकृती मी फळ्यावर तीस वर्षं काढली. विज्ञानाचा मास्तर मी!

मामांनी ओली पोती गुंडाळली आणि झोपलेलं लेकरू न्यावं तसं ते उभंच धरून शेतात नेलं. आम्ही लिंबाखालून पाहत होतो. लतानं माझी बाही इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली. ते झाकण फिरवायला किती वेळ लागला कोण जाणे. शेवटी त्यांनी बाटली वर काढून दाखवली. अख्खी होती, निम्मी भरलेली. तेजाब चुन्याच्या खड्ड्यात ओतलं, नळकांडं रिकामं केलं आणि मग त्याच्या बुडाला बोट लावलं. बोट आरपार गेलं. एवढा गंज. ठोका बसता तर ते माझ्या छातीशीच फाटलं असतं. मी मातीतच बसलो. लता हसत होती, रडत होती आणि माझ्या पाठीत धपाटे घालत होती.

संध्याकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून घरी आले. बसेनात. "जवाईबापू, तोंडातून घाण शब्द गेला. माफी असावी."

मी त्यांचे पाय धरले. तेव्हा ते बसले, आणि म्हणाले, "नेपानगरच्या रस्त्यावर एका गोदामाला आग लागली होती. छत खाली येताना मला दिसलं, पण जोडीदाराला हाक मारायला उशीर झाला. वाचला तो, पण पुन्हा गाडीवर चढला नाही. आज टायमावर आवाज निघाला." मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की तो कित्येक वर्षं आत अडकला असावा. लतानं पोहे आणले. ते त्यांनी दोनदा मागून खाल्ले.

पुढच्या महिन्यात ट्रक आला आणि सगळं सामान गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणतो म्हणून निघालो आणि स्कूटर आपसूक बहादरपूरला वळली. गोदामाच्या पायरीवर मामा बसले होते. मला पाहून ओशाळले. मीही ओशाळलो. मी शेजारी बसलो. आत फक्त झाडलेली जमीन होती.

"लताला सांगू नका, मी इथं आलो होतो म्हणून," ते म्हणाले.

"तुम्हीही सांगू नका," मी म्हणालो.

मग ऊन पायांवर येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.